परभणीतून पुण्याच्या मशीनवर जॉब लावायचा तर

परभणीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एआय शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "देशात हजारो जीपीयूंची (एआयचं गणित एकाच वेळी समांतर करणाऱ्या कार्डांची) घोषणा झाली, पुण्यात एकामागून एक सुपरकॉम्प्युटर उभे राहिले. आमच्या मुलांकडे मात्र शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक धड कार्ड नाही. कपाशीच्या पानावरचे रोग ओळखणारं मॉडेल आम्ही फुकटच्या ऑनलाइन नोटबुकवर चालवतो, ते अर्ध्यात बंद पडतं. मराठवाड्यासाठी वेगळा सुपरकॉम्प्युटर मागावा का? आणि मागायचं तर नेमकं काय मागावं?"

मी मूळचा गंगाखेडचा. बावीस वर्षं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचे समूह, उभे करणं आणि चालवणं हेच काम करतोय, त्यातली बहुतेक पुण्यात. माझं मत आधीच सांगतो. मोठं मशीन मराठवाड्यात मागू नका. देशाच्या मशीनवर आपल्या वाट्याचे तास मागा, तिथवर जाणारी जाड फायबर मागा, सरावासाठी एक लहान क्लस्टर मागा. आणि या सगळ्यापेक्षा जास्त जोर लावून चार-पाच कायम नोकरीतली माणसं मागा, ज्यांना जॉब, म्हणजे मशीनला द्यायचं काम, लावता येतो आणि पडलेल्या जॉबची लॉग फाइल, म्हणजे मशीनने लिहिलेली नोंद, वाचता येते.

माणसांवर एवढा भर का, ते एका अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत क्लस्टर लावायला गेलो होतो. नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या एकेका संगणकाच्या, लाकडी पेट्या व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवलेल्या, वर ताडपत्री. खोली तयार होती, पण विजेचा मंजूर भार वाढवून मिळाला नव्हता आणि एसीचं टेंडर दुसऱ्यांदा निघालं होतं. वॉरंटी मात्र पेट्या उतरल्या त्या दिवसापासून चालू झालेली. आम्ही पेट्या फोडल्या तोवर आठ महिने गेले होते. दोन पेट्यांत उंदरांनी केबलची वेष्टनं कुरतडली होती, एकेक केबल हातात धरून तपासावी लागली. अशा मशीनचं कामाचं आयुष्य पाच, फार तर सहा वर्षांचं. त्यातले आठ महिने व्हरांड्यात गेले. पुढे वर्षभरात तिथला एकुलता एक सिस्टीम ॲडमिन, जो 11 महिन्यांच्या करारावर होता, चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. मग स्टोरेजमधली एक डिस्क गेली, लाल दिवा लागला. कोणी पाहिला नाही. दुसरी गेली, तरी सिस्टीम चालू राहिली, कारण दोन डिस्क जाईपर्यंत डेटा टिकावा अशीच रचना असते. तिसरी गेली आणि तीन वर्षांचा डेटा गेला. मशीन उत्तम होतं. रोज सकाळी रॅकसमोर जाऊन दिवे बघणारा माणूस नव्हता.

आता देशात काय आहे ते नीट समजून घ्या, कारण बातम्यांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन. 1980 च्या दशकात अमेरिकेने मोठा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायचं नाकारलं, त्यातून 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. तीच परंपरा पुढे नेत 2015 मध्ये 4,500 कोटींचं हे मिशन मंजूर झालं. सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. 2019 मध्ये वाराणसीच्या आयआयटीत परम शिवाय लागला, मग एकेक संस्था जोडत गेली. 26 सप्टेंबर 2024 ला पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथल्या तीन परम रुद्र मशीनचं लोकार्पण झालं. पुण्याचं मशीन खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. ही सगळी मशीन सरकारी संस्थांच्या मालकीची आणि त्यांच्याच आवारात.

दुसरी गोष्ट इंडियाएआय मिशन. 7 मार्च 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 10,372 कोटींची ही योजना मंजूर केली. सुरुवातीला 10,000 जीपीयूंचं लक्ष्य होतं, 2025 मध्ये आकडा 38,000 च्या आसपास गेला. पण ही कार्डं सरकारी इमारतीत नाहीत. ती खाजगी डेटा सेंटर कंपन्यांकडे आहेत, सरकार दरातला हिस्सा उचलतं आणि वापरणाऱ्याला तासाला सुमारे 65 रुपये पडतात. म्हणजे एका कार्डावर आठ तासांचं काम 520 रुपयांत. तुमच्या मुलांचं कपाशीचं मॉडेल एवढ्यात बसतं. अडचण पैशाची कमी आणि अर्ज, डेटा, सराव यांची जास्त आहे.

आकड्यांबद्दलही एक खुलासा. सी-डॅकचं परम सिद्धी-एआय नोव्हेंबर 2020 च्या सुपरकॉम्प्युटरच्या जागतिक यादीत 63 वं आलं, तेव्हा त्याची क्षमता कुठे 4.6 पेटाफ्लॉप्स छापून आली तर कुठे 210. (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं.) दोन्ही खरे. पहिला आकडा 64 बिटांच्या अचूक गणिताचा, दुसरा कमी बिटांच्या गणिताचा. हवामानाच्या मॉडेलमध्ये बारीक चूक पुढच्या प्रत्येक पायरीवर वाढत जाते, म्हणून तिथे अचूक गणित लागतं. न्यूरल नेटवर्कला प्रत्येक आकडा इतका काटेकोर लागत नाही, सोळा किंवा आठ बिटांतही ते शिकतं. म्हणून "देशाचा सर्वांत वेगवान" असं वाचलं की आधी विचारा, कोणत्या कामासाठी. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतलं अर्क हे 11.77 पेटाफ्लॉप्सचं मशीन हवामानासाठी आहे. मे 2025 पासून त्यावर हवामान अंदाजाची भारत फोरकास्ट सिस्टीम चालते, अंदाजासाठी नकाशावर पाडलेल्या तिच्या चौकोनाची बाजू 12 किलोमीटरवरून 6 किलोमीटरवर आली. परभणी जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा. पूर्वी तो सुमारे चाळीस चौकोनांत बसायचा, आता पावणेदोनशेच्या आसपास. पाथरीत पाऊस आणि पूर्णेत ऊन हे आता निदान गणितात वेगळं दिसू शकतं. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या सर्वांत जवळ पोचलेला सुपरकॉम्प्युटर हाच आहे, आणि तो मराठवाड्यात नाही.

मग इथे मोठं मशीन का नको? पाणी आणि वीज. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण या भागात जन्मलेल्या माणसाने तरी हा हिशोब टाळू नये.

एच100 जातीची आठ कार्डं असलेला एक डबा पूर्ण भारावर 10 किलोवॉटच्या थोडी वर वीज घेतो. आपल्याकडची पाच एचपीची मोटर घेते पावणेचारच्या आसपास. म्हणजे रॅकमधला एक डबा चालू करणं म्हणजे विहिरीवरच्या जवळजवळ तीन मोटरी चालू करणं, आणि त्याही रात्रंदिवस, बारा महिने. हजार कार्डं म्हणजे असे सव्वाशे डबे. त्यात नेटवर्क, स्टोरेज आणि थंडावा धरला की दोन मेगावॉटपर्यंत जातं. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती कुठेतरी सोडावी लागते. सर्वांत स्वस्त उपाय कूलिंग टॉवर, म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर काढणं. एका युनिट उष्णतेमागे अंदाजे दीड लिटर पाणी वाफ होतं. एक मेगावॉटचं मशीन दिवसाला 24,000 युनिट ओढतं, म्हणजे रोज 36,000 लिटर पाणी हवेत. शिवाय उरलेल्या पाण्यात क्षार साठतात, म्हणून त्यातलं काही सोडून द्यावं लागतं ते वेगळं.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. एक मेगावॉटच्या मशीनने ते दोन आठवड्यांच्या आत संपवलं असतं. परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 मध्ये कोळशाअभावी नव्हे, पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. ज्या भागात वीज केंद्राला पाणी पुरत नाही तिथे कूलिंग टॉवरवर चालणारं मशीन आणणं मला पटत नाही. हा माझा ठाम आग्रह आहे.

पाणी न उडवणारी पद्धत आहे. चिपवरच तांब्याची थंड पट्टी बसवतात, तिच्यातून बंद नळीतलं पाणी फिरतं, ते बाहेर रेडिएटरसारख्या ड्राय कूलरमध्ये जातं आणि पंख्याने निवतं. चिपला चाळीस अंशांचं कोमट पाणीही चालतं, त्यामुळे पुण्यात ही व्यवस्था वर्षाचा बहुतेक काळ छान चालू शकते. पण मे महिन्यात परभणीत दुपारी हवाच 42-43 अंश असते. ड्राय कूलर हवेपेक्षा सहा-आठ अंश गरमच पाणी परत देतो. म्हणजे चिपकडे जाणारं पाणी पन्नासच्या घरात. तेव्हा एकतर पाणी गार करणारा चिलर लावा आणि वीजबिल वाढवा, नाहीतर दुपारी मशीनचा वेग कमी ठेवा. इथे मशीन लावणं अशक्य नाही. पण तेच मशीन दुसरीकडे कमी खर्चात जास्त तास चालेल, आणि ते तास आपल्याला घरबसल्या वापरता येतात. युरोपातल्या दहाएक देशांनी मिळून लुमी नावाचं मशीन फिनलंडमधल्या कायानी या छोट्या गावात ठेवलं. तिथे थंडी आहे, जलविद्युत आहे, एका बंद कागद कारखान्याची जागा होती. आपापल्या देशात मशीन हवं म्हणून ते अडून बसले नाहीत, आपला वाटा लिहून घेऊन मोकळे झाले. मराठवाड्याने हाच व्यवहारीपणा दाखवावा.

वाटा वापरायचा तर रस्ता लागतो. 2010 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कने देशातली विद्यापीठं आणि मोठ्या संस्था जोडल्या, पण फायबर विद्यापीठाच्या सर्व्हर रूममध्ये येऊन थांबली तर संलग्न महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला तिचा उपयोग नाही. दोन टेराबाइट फोटो पाठवायचे आहेत असं धरा. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चालली तरी चव्वेचाळीस तास लागतात. 10 जीबीपीएसवर तेच काम अर्ध्या तासात होतं. माझ्या ओळखीचे विद्यार्थी हार्ड डिस्क बॅगेत घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला येतात. सकाळी सहाला स्वारगेटला उतरलेला मुलगा दहा वाजता माझ्या टेबलावर डिस्क ठेवतो तेव्हा मला कौतुकही वाटतं आणि वाईटही. म्हणून मागणीपत्रात "हायस्पीड इंटरनेट" असं मोघम लिहू नका. कोणत्या इमारतीपासून कोणत्या इमारतीपर्यंत, किती जीबीपीएस, आणि रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली तर किती तासांत जोडणार, हे लिहा.

माणसांकडे परत येतो. मध्यंतरी एका रात्री अकराच्या सुमारास फोन आला की सगळा क्लस्टर गोठलाय, फाइलींची यादी दाखवणारी साधी ls कमांड टाइप केली तरी मिनिटभर उत्तर येत नाही. नोड ठीक, नेटवर्क ठीक. शोधता शोधता सापडलं की एका विद्यार्थ्याने कपाशीच्या पानांचे चार लाख फोटो सुटे सुटे चढवले होते आणि त्याचा जॉब दर सेकंदाला हजारो फाइली उघडत होता. अशा मशीनवर लस्टरसारखी फाइल सिस्टीम असते. ती मोठ्या फाइली अफाट वेगाने देते, पण फाइल कुठे आहे हे सांगणारा मेटाडेटा सर्व्हर वेगळा असतो आणि सगळ्यांचा प्रत्येक "उघड" तिथूनच जातो. मोंढ्यात एकच काटा असावा आणि कोणी चार लाख पिशव्या एकेक करून तोलायला लावाव्यात तसं झालं होतं. त्या मुलाची चूक नव्हती, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्या फोटोंच्या एकेक जीबीच्या टार फाइली, म्हणजे अनेक फाइलींची एकेक गाठोडी, केल्या, जॉब सुरू होताना त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवल्या. डेटाची एक फेरी आधी पाच तास घेत होती, ती चाळीस मिनिटांवर आली. एकही नवीन कार्ड न घेता. असा माणूस परभणीत, नांदेडमध्ये, लातूरमध्ये बसलेला असेल तर तुमच्या वाट्याचे तास सातपट उपयोगी पडतात. म्हणून मी कायम पदांचा आग्रह धरतो. ही विद्या दोन-तीन वर्षं एकाच मशीनजवळ बसूनच येते, 11 महिन्यांच्या करारात ती हाताशी येते तोवर माणूस निघून जातो.

सरावाचं लहान क्लस्टर म्हणजे किती? चार नोड, प्रत्येकात दोन मध्यम कार्डं, मोठ्या मशीनवर असतं तेच जॉब रांगेत लावणारं स्लर्म सॉफ्टवेअर, तशीच रांग, तशीच फाइल सिस्टीम. ते खोलीतल्या एसीवर चालतं आणि छतावरच्या सोलरने त्याच्या विजेचा बराच भार उचलता येतो. इथे मुलांनी चुका कराव्यात. सगळे जिथून आत शिरतात त्या लॉगिन नोडवर ट्रेनिंग चालवून सगळ्यांना अडवावं, मेमरी कमी मागून जॉब पाडावा, चेकपॉइंट, म्हणजे कामाची मधली स्थिती जतन करून, न ठेवता दोन दिवसांचं काम गमवावं. हे धडे महागड्या मशीनवर गिरवू नयेत.

चेकपॉइंटचं महत्त्व सांगायला एकच उदाहरण देतो. फेसबुकवाल्या मेटा कंपनीने आपल्या लामा 3 या भाषा-मॉडेलचं सर्वांत मोठं रूप 16,384 कार्डांवर शिकवलं तेव्हा 54 दिवसांच्या काळात अचानक 419 वेळा काम थांबलं, सरासरी तीन तासांनी एकदा. एवढ्या मोठ्या समूहात काहीतरी बिघडतच असतं. दर थोड्या वेळाने स्थिती जतन केलेली असते, म्हणूनच काम पूर्ण होतं. आणि ती जतन करायची फाइल लहान नसते. सात अब्ज पॅरामीटरचं (शिकताना बदलत जाणाऱ्या आकड्यांचं) मॉडेल वापरायला 14 जीबी पुरतात, पण शिकवताना हे आकडे किती आणि कसे बदलायचे ते ठेवणारे ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझर धरून शंभर जीबीच्या वर जातं, म्हणजे 80 जीबीच्या एका कार्डात ते मावत नाही. इथेच कार्डांना जोडणाऱ्या इन्फिनिबँड या अतिवेगवान नेटवर्कचं मोल कळतं. कार्डांनी प्रत्येक पायरीला एकमेकांशी बोलायचं असतं. दुकानातून शंभर कार्डं आणून साध्या स्विचला जोडली तर ती बहुतेक वेळ एकमेकांची वाट बघतात.

वाळूज-शेंद्र्यातल्या लघुउद्योजकांसाठी थोडक्यात सांगतो. कास्टिंगवरची चीर कॅमेऱ्याने ओळखायची तर तुम्हाला सुपरकॉम्प्युटर लागत नाही. मॉडेल एकदा भाड्याच्या तासांवर शिकवून घ्या आणि लाइनवर एका कार्डाचा पीसी ठेवा. साच्यातला धातूचा प्रवाह किंवा भागावरचा ताण संगणकावर तपासायचा असेल, तेव्हा मात्र परमसारखं मशीन कामाचं. आणि ते उद्योगांनाही मिळावं ही मागणी रास्त आहे.

आता जी गोष्ट पुण्या-बंगळुरूत कुणालाच करता येणार नाही, ती म्हणजे डेटा. आज बोलणं ओळखणारी मॉडेलं प्रमाण मराठी बऱ्यापैकी ऐकतात. आपला माणूस "मी बाजारात जायलो", "काय करायलास" म्हणाला की अडखळतात, कारण त्यांनी असं बोलणं पुरेसं ऐकलेलंच नाही. दखनी तर अजून दूर, आणि बंजारा तांड्यावरची गोरमाटी त्याहून. लिखाणातही वेगळा तोटा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, "मराठवाडा" या एका शब्दाचे 24 बाइट होतात. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं टोकनायझर, म्हणजे मॉडेलसाठी मजकूर तोडणारं सॉफ्टवेअर, त्याचे अनेक तुकडे करतं. तुकडे वाढले की तेच वाक्य शिकवायला जास्त कार्ड-तास लागतात, म्हणजे आपली भाषा आपल्याला महाग पडते. एप्रिल 2025 मध्ये भारतीय भाषांच्या मॉडेलसाठी निवडलेल्या सर्वम कंपनीला इंडियाएआयमधून 4,096 एच100 कार्डं देऊ केली गेली. त्या मॉडेलला आपलं बोलणं कळायचं असेल तर ते आपणच रेकॉर्ड करून, बोलणाऱ्याची परवानगी घेऊन, नीट लिहून द्यायला हवं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात कपाशी, तूर, सोयाबीन, ज्वारी यांचं जे निरीक्षण होतं तेही असंच मोलाचं. पानाचा फोटो कुणीही काढेल. तो रोग आहे की खताची कमतरता, हे पीकशास्त्रज्ञच खात्रीने लिहू शकतो. अशा खात्रीच्या नोंदींचे वीस हजार फोटो मला इंटरनेटवरून ओढलेल्या दोन लाखांपेक्षा जास्त हवेत.

मॅडम, तुमच्यापुरतं सांगतो. मागणीपत्र मंजूर व्हायला वेळ लागेल, पण तासांचा अर्ज याच सत्रात करता येईल. अर्जात "एआय संशोधनासाठी जीपीयू हवेत" एवढंच लिहिलं तर तो मागे पडतो. आधी कुठल्याही एका कार्डावर मॉडेलच्या शंभर पायऱ्या चालवा, एका पायरीला किती सेकंद लागले ते मोजा, एकूण पायऱ्यांनी गुणा आणि कार्ड-तास आकड्यात लिहा. डेटा किती जीबी, चेकपॉइंट किती जीबी, दर किती मिनिटांनी, हेही लिहा. फोटोंच्या टार फाइली आत्ताच करून ठेवा. तास मिळाल्यावर पहिला जॉब एकाच कार्डावर, अर्ध्या तासाचा लावा आणि कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या nvidia-smi कमांडमध्ये कार्डाचा वापर बघा. तो तीस-चाळीस टक्क्यांवर अडकलेला दिसला तर आणखी कार्डं मागू नका, फोटो वाचणाऱ्या कोडकडे बघा. तिथे अडलात तर ती लॉग फाइल मला पाठवा, रविवारी सकाळी मी बसून बघतो.